अँजिओग्राफी केवळ हृदयाचीच नसते

नाशिकच्या रविवार कारंजा परिसरात सकाळी दुकाने उघडतात आणि गादीवर बसलेला व्यापारी रात्री कुलूप लागेपर्यंत फारसा जागचा हलत नाही. साठीकडे झुकलेला असा एखादा गृहस्थ संध्याकाळी पायी घराकडे निघतो. दोनशे-तीनशे पावले चालली की पोटरीत गोळा येतो. ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर तो दोन मिनिटे टेकतो, कळ थांबते, तो पुन्हा चालू लागतो. आणि जवळजवळ तितक्याच अंतरावर तीच कळ पुन्हा उठते. घरचे म्हणतात, वय झाले, वात असेल. तेल चोळले जाते, गुडघ्याला पट्टा बांधला जातो. मधुमेह दहा वर्षांपासून सोबतीला असतो. पण त्याचा आणि पोटरीतील या गोळ्याचा संबंध कोणी जोडत नाही. मग एके दिवशी नवी चप्पल लागून अंगठा सोलवटतो. जखम भरत नाही, बोट काळे पडते आणि ‘पाय काढावा लागेल’ हे वाक्य ऐकण्याची वेळ येते.

असे गृहस्थ प्रत्येक पेठेत आढळतात. त्यांना कोणी ‘अँजिओग्राफी करून घ्या’ असे सुचवले, तर पहिला प्रतिप्रश्न ठरलेला असतो: “हृदयाला काय झाले?” अँजिओग्राफी म्हणजे हृदय, आणि हृदय म्हणजे बायपास, असे समीकरण घराघरांत पक्के बसले आहे. वस्तुतः रक्तवाहिनी सर्व शरीरभर आहे. मेंदूत, मूत्रपिंडात, यकृतात, आतड्यांत आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत ती पोहोचते. जेथे रक्तवाहिनी आहे तेथे अँजिओग्राफीही पोहोचू शकते. आणि आज ती केवळ रोग दाखवून थांबत नाही. ज्या वाटेने रोग दिसतो, त्याच वाटेने पुष्कळदा त्यावर उपचारही करता येतो. हे वेळेवर ठाऊक असणे म्हणजे काही प्रसंगी पाय वाचणे, तर काही प्रसंगी प्राण वाचणे होय.

न दिसणारी वाहिनी दिसू लागली

साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसते. रक्तवाहिनी मात्र भोवतालच्या मांसात मिसळून जाते. नोव्हेंबर १८९५ मध्ये रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि लगेच जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्ना येथील हाशेक आणि लिंडेनथाल यांनी मृतदेहाच्या हातातील वाहिन्यांत क्ष-किरण अडवणारे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. जिवंत माणसात हे करण्यासाठी शरीराला सोसेल असे द्रव्य हवे होते. १९२७ मध्ये लिस्बन येथे इगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र मिळवले. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, त्याच शहरात रेनाल्डो दोस सांतोस यांनी पोटातील महारोहिणीचे चित्र घेतले. म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांची अँजिओग्राफी रूढ होण्याच्या कितीतरी आधी मेंदूची आणि पोटाची झाली होती. हृदयाच्या वाहिन्यांत थेट द्रव्य सोडून चित्र घेण्याची पद्धत अमेरिकेतील मेसन सोन्स यांच्या हातून १९५८ मध्ये सुरू झाली.

ही तपासणी सुरक्षित झाली ती स्टॉकहोमच्या स्वेन-इवार सेल्डिंगर या तरुण डॉक्टरांच्या एका साध्या युक्तीमुळे. १९५३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. सुईने रोहिणीत छिद्र करावे, सुईतून लवचीक तार आत सरकवावी, सुई काढून घ्यावी आणि त्या तारेवरून पोकळ नळी, म्हणजे कॅथेटर, ओवावा. मोठी चीर नाही, टाके नाहीत. आजही जगातील बहुतेक कॅथलॅबमध्ये हीच पद्धत चालते.

रुग्णाला भूल दिली जाते ती केवळ जांघेत किंवा मनगटावर, सुई टोचायच्या जागी. तो जागा असतो. कॅथेटरची जाडी सुमारे दीड ते दोन मिलिमीटर असते. त्यातून आयोडीनयुक्त द्रव्य सोडले की क्षणभर अंगात ऊब पसरल्यासारखे वाटते. त्याने घाबरण्याचे कारण नसते. संगणक आधीच्या चित्रातील हाडे वजा करतो आणि पडद्यावर उरतात त्या केवळ रक्तवाहिन्या, पाने झडलेल्या झाडाच्या फांद्यांसारख्या. कोठे फांदी अरुंद झाली आहे, कोठे तुटली आहे, कोठे फुगली आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट दिसते.

मात्र निदानासाठी प्रत्येक वेळी थेट येथवर यावे लागत नाही. प्रथम बोटांनी नाडी पाहणे, मग घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना करणे, डॉप्लर सोनोग्राफी आणि सीटी अँजिओग्राफी, असा हा जिना आहे. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागल्यावर येणारा आकडा ०.९ पेक्षा कमी असेल, तर पायाच्या वाहिन्यांत अडथळा असण्याची शक्यता दाट असते. कॅथेटरची अँजिओग्राफी आता बहुधा तेव्हा केली जाते, जेव्हा पाहण्याबरोबर उपचारही करायचा असतो.

वाहिनी उघडणे

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ८२ वर्षांची एक वृद्धा चार्ल्स डॉटर या डॉक्टरांसमोर आली. तिच्या पायात गँगरीन झाले होते. शल्यविशारदांनी पाय कापण्यास सांगितले होते आणि तिने ठाम नकार दिला होता. डॉटर यांनी मांडीतील अरुंद झालेल्या रोहिणीत तार घातली आणि तिच्यावरून क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून ती वाट रुंद केली. पाय उबदार झाला, जखम भरली. पुढे सुमारे अडीच वर्षांनी ती वृद्धा निवर्तली, तोपर्यंत ती स्वतःच्या पायांनी चालत होती. अँजिओप्लास्टीचा जन्म हृदयात नव्हे, तर अशा रीतीने एका वृद्धेच्या पायात झाला. हृदयाच्या वाहिनीत फुगा घालून ती उघडण्याचे काम आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिक येथे केले, ते त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७७ मध्ये.

चालताना पोटरीत येणारा आणि थांबताच जाणारा गोळा हे पायाच्या रोहिणीतील अडथळ्याचे नेहमीचे लक्षण आहे. मधुमेहात तेही फसवे ठरते, कारण पायाची संवेदनाच बोथट झालेली असते. कळ येतच नाही, एकदम जखमच दिसते. म्हणून मधुमेह असलेल्या व्यक्तीने रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातील कोणी पाहाव्यात. दोन आठवड्यांत भरून न येणारी जखम केवळ मलमपट्टीवर सोडू नये. आणि ज्या घरावर पाय काढण्याचा सल्ला ऐकण्याची वेळ येईल, त्या घराने एक प्रश्न अवश्य विचारावा: “पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आहे का?” संसर्ग रक्तात पसरत असेल तर पाय काढणे हाच प्राण वाचवण्याचा मार्ग असू शकतो. परंतु अडथळा दूर होण्यासारखा असेल, तर जेथे गुडघ्याखालून पाय गेला असता तेथे कधी केवळ एका बोटावर निभावते.

प्रत्येक गोळ्यासाठी फुगा आणि स्टेंट लागतो असेही नाही. तंबाखू आणि विडी-सिगारेट पूर्ण सोडणे, साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणे आणि कळ येईपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे, असा नियमित सराव यांनीही पुष्कळांचे चालणे सुधारते.

एक प्रसंग मात्र उशीर मुळीच सहन करत नाही. पाय किंवा हात अचानक थंडगार पडला, पांढराफटक झाला, तीव्र दुखू लागला आणि नाडी लागेनाशी झाली, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. अशा वेळी साधारण सहा तासांच्या आत रक्तप्रवाह परत आणावा लागतो. शेक देण्यात किंवा सकाळची वाट पाहण्यात ते तास निघून जातात.

पोटातही असेच अडथळे होतात. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने नित्य पोट दुखणे, त्या भीतीने अन्न कमी होणे आणि वजन उतरणे, यामागे आतड्यांच्या रोहिणीचे आकुंचन असू शकते. वर्षानुवर्षे ते पित्त म्हणून खपून जाते. तरुण मुलीचा रक्तदाब अकारण फार वाढलेला असेल, एका हाताची नाडी क्षीण लागत असेल, तर ताकायासू आजाराचा विचार करावा लागतो. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रवैद्यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला हा रोहिण्यांचा दाह भारतातही आढळतो आणि येथे तो पोटातील महारोहिणी व मूत्रपिंडाच्या वाहिन्या वारंवार गाठतो. दाह औषधांनी शमल्यावर अरुंद वाहिनी फुग्याने रुंद करता आली, तर त्या मुलीच्या रक्तदाबाच्या गोळ्या बऱ्याच कमी होऊ शकतात.

वाहिनी बंद करणे

तारेच्या याच वाटेने याच्या अगदी उलट कामही होते. रक्तस्राव होत असेल तर ती विशिष्ट वाहिनी आतून बंद करता येते. महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण मुंबईच्या परळ येथील केईएम रुग्णालयाचे आहे. क्षयरोगाने पोखरलेल्या फुप्फुसातून भळभळा रक्त येणारे रुग्ण तेथे मोठ्या संख्येने येत. त्यांच्या श्वासनलिकेच्या रोहिणीपर्यंत कॅथेटर नेऊन ती बंद करण्याचा आपला अनुभव तेथील डॉक्टरांनी १९९६ मध्ये ‘रेडिओलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. गरिबांच्या सार्वजनिक रुग्णालयात घडलेले हे काम जगाने वाचले.

पोटातील गाठींच्या बाबतीत हेच तत्त्व उपयोगी पडते. सीटी स्कॅन येण्यापूर्वी, म्हणजे १९७१ च्या आधी, पोटातील गाठ ओळखण्यासाठी अँजिओग्राफी हे एक प्रमुख साधन होते. गाठ स्वतःसाठी वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या निर्माण करते आणि पडद्यावर तो भाग डागासारखा उजळतो. आज निदान मुख्यतः सोनोग्राफी, सीटी, एमआरआय आणि गरजेप्रमाणे बायोप्सी यांनी होते. अँजिओग्राफीकडे आता मुख्यतः उपचाराचे काम आले आहे.

यकृताची रचना या उपचारास विशेष अनुकूल आहे. निरोगी यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिनी नीलेतून मिळते आणि उरलेले यकृत-रोहिणीतून. यकृतात उपजलेला कर्करोग मात्र जवळजवळ पूर्णपणे रोहिणीवर पोसला जातो. तेव्हा रोहिणीच्या नेमक्या फांदीत कर्करोगविरोधी औषध सोडून ती फांदी बंद केली, तर गाठीची उपासमार होते आणि बाकीचे यकृत नीलेच्या रक्तावर तग धरते. या पद्धतीस केमोएम्बोलायझेशन म्हणतात. २००२ मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँग येथील दोन स्वतंत्र अभ्यासांनी, निवडक रुग्णांचे आयुष्य यामुळे वाढते, हे दाखवून दिले.

येथे अपेक्षा मात्र मोजून ठेवावी. हा उपचार बहुधा रोग समूळ नाहीसा करत नाही. तो रोगाला रोखतो, अवधी देतो आणि काहींना यकृत-प्रत्यारोपणापर्यंत पोहोचवतो. यकृत फार निकामी झालेले असेल, कावीळ वाढलेली असेल, तर तो करता येत नाही. त्यानंतर काही दिवस ताप, मळमळ, पोटदुखी होते. मूत्रपिंडातील रक्तस्राव करणारी साधी गाठ, गर्भाशयातील फायब्रॉइड, यकृताच्या शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी, अशा इतरही ठिकाणी वाहिनी बंद करण्याचा उपयोग होतो. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळालेल्या स्त्रीने हा पर्याय आपल्याला लागू पडतो का, हे विचारणे गैर नाही.

आणखी एक समज दूर व्हावयास हवा. ‘आपल्या घरात मद्य नाही, मांस नाही; मग यकृताचा रोग कसा?’ असे पुष्कळ श्रावक-कुटुंबांत म्हटले जाते. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू रक्तातून येतात, ताटातून नव्हे. शिवाय बैठा व्यवसाय, फरसाण, मिठाई, वाढलेले पोट आणि मधुमेह यांतून यकृतात चरबी साठते, काहींचे यकृत कालांतराने कठीण होते आणि तेथे कर्करोगाचा धोका निर्माण होतो. शाकाहार हे मोठे संरक्षण खरे. परंतु गादी आणि गोडधोड यांचा हिशेब तो पुसून टाकत नाही. यकृत कठीण झाल्याचे निदान झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. गाठ लहान असतानाच सापडली, तर पुढील सर्व वाटा मोकळ्या राहतात.

व्रत-नियम आणि उपचार

जैन रुग्णाच्या बाबतीत काही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगाव्या लागतात, कारण त्या विचारल्या जातीलच असे नाही.

पहिली गोष्ट पाण्याची. आयोडीनयुक्त द्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरात पाणी कमी असेल, त्यातही मधुमेहामुळे मूत्रपिंड आधीच दुबळे असेल, तर त्याला इजा होऊ शकते. म्हणून आधी क्रिएटिनिनची तपासणी होते आणि मेटफॉर्मिनसारखी गोळी काहींना थोडे दिवस थांबवावी लागते. अठ्ठाई किंवा लागोपाठ उपवास चालू असतील, पारणे नुकतेच झाले असेल, तर ते स्पष्ट सांगावे. तातडी नसेल तर तारीख पुढे घेता येते. चौविहाराचा नियम असलेल्यांनी सकाळची वेळ मागून घ्यावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी पुरेसे पाणी पिता येते. रात्री गरज पडल्यास डॉक्टर शिरेतून सलाइन देऊ शकतात. प्रसंग तातडीचा असेल तर आपल्या गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. प्रत्याख्यानातच आगार सांगितलेले आहेत आणि आजारपणाचा विचार पूर्वाचार्यांनी त्यांत केलेला आहे, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट पदार्थांची. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल चौकशी करणाऱ्या कुटुंबांना हे ठाऊक असणे योग्य की, वाहिनी तात्पुरती बंद करण्यासाठी वापरला जाणारा स्पंज बहुधा डुकराच्या कातडीच्या जिलेटिनचा असतो आणि रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून मिळवलेले असते. दुसरीकडे, यकृताच्या उपचारात वापरले जाणारे लिपिओडॉल हे खसखशीच्या तेलापासून बनते. धातूच्या कॉइल आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे कृत्रिम कण हेही उपलब्ध असतात. प्रत्येक ठिकाणी पर्याय चालतोच असे नाही. तो निर्णय वैद्यकीय असतो. पण नियोजित उपचारापूर्वी हा प्रश्न शांतपणे विचारला, तर डॉक्टर शक्य तेथे मार्ग काढू शकतात. टेबलावर घेतल्यानंतर, किंवा रक्त वाहत असताना, हा वाद घालण्याची वेळ नसते. आप्ताचा प्राण आणि आपला विवेक या दोहोंचा विचार घरात आधीच बोलून ठेवलेला बरा.

आयोडीनयुक्त द्रव्याची पूर्वीची ॲलर्जी, दमा, चालू असलेली रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपणाची शक्यता, याही गोष्टी न लपवता सांगाव्यात. धोके थोडे असले तरी असतात: टोचल्या जागी रक्तस्राव, वाहिनीला इजा, ॲलर्जी, मूत्रपिंडावरील ताण. जांघेतून तपासणी झाल्यावर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. त्या वेळी ‘बरे वाटते आहे’ म्हणून उठून बसणे हे अनेकदा रक्ताची गाठ येण्याचे कारण होते.

हिशेब आणि प्रश्न

खर्चाची बाजू व्यापारी कुटुंबाला सांगावी लागत नाही, परंतु येथे तपशील महत्त्वाचा ठरतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. तो आदेश हृदयाच्या स्टेंटपुरता होता. पायाच्या किंवा पोटाच्या वाहिनीत लागणारे फुगे, स्टेंट, कॉइल यांचा अंदाज वेगळा आणि लेखी मागावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे. नाशिकमध्ये शालिमार येथील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हे उत्तर महाराष्ट्रातील रुग्णांसाठी शासनाचे महत्त्वाचे केंद्र आहे. यकृताच्या गाठीसारख्या गुंतागुंतीच्या उपचारासाठी कसारा घाट उतरून मुंबई गाठावी लागली, तरी सर्व चित्रे चकतीवर सोबत न्यावीत. केवळ कागदी अहवालावर दुसरे मत नीट देता येत नाही.

आणि डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न चारच आहेत. ही तपासणी कोणत्या अवयवाची आहे? याच वेळी उपचारही होणार आहे का? न केल्यास काय होईल? आणि याहून सोपा मार्ग उरला आहे का?

रविवार कारंजावरील तो गृहस्थ पहिल्यांदा ओट्यावर टेकला, त्याच आठवड्यात कोणी त्याच्या पायाची नाडी पाहिली असती, तर कदाचित त्याला अँजिओग्राफीही लागली नसती. औषध, पथ्य आणि चालणे यांवरच काम भागले असते. जखम झाल्यानंतर पाहिली असती, तर तारेच्या वाटेने पाय वाचण्याची आशा होती. बोट काळे पडल्यावर मात्र ती वाट दिवसागणिक अरुंद होत गेली. दुकानाच्या वहीत एक रुपयाची तूट आली तर ती सापडेपर्यंत न झोपणाऱ्या घरांनी शरीराच्या वहीतील ही लहानशी नोंद तितक्याच दक्षतेने वाचावी. आज रात्री घरातील ज्येष्ठांचे पाय एकदा हातात घेऊन पाहावेत. नमस्कारासाठी आपण वाकतोच. तेवढ्याच वेळात नाडीही पाहून होते.